न ठरवलेल्या सुरांची मैफल

बारामतीच्या एमआयडीसीत राहणाऱ्या माणसाने जॅझवर बोलावं, याचं काही जणांना नवल वाटेल. आमच्याकडे जॅझच्या मैफली होत नाहीत. विद्यानगरीतल्या गदिमा सभागृहात नाटकं, व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम होतात. लग्नसराईत बँड वाजतात. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते, तेव्हा टाळ-मृदंगाने रस्ते दुमदुमतात. एवढ्या संगीतावर आमचं वर्ष निघतं. पण आता इथल्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या मुलांच्या मोबाइलमध्ये जगभरचं संगीत आलेलं आहे. अशाच एका तरुण फिटरने मला विचारलं, "काका, ही चार माणसं स्टेजवर येतात आणि काय वाजवायचं ते आधी ठरलेलंच नसतं म्हणतात. मग ती एकत्र वाजवतात कशी? आणि ठरलेलंच नाही, तर कोण चुकलं हे कळतं कसं?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात शंभर वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासाचा बराच भाग आपल्या मुंबईत आणि गोव्यात घडला आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

आधी जॅझ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदर आहे. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संगीत घडवलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची ही नातवंडं-पतवंडं. शेतातली गाणी, चर्चमधली भजनं आणि लष्करी बँडची वाद्यं, या सगळ्यांच्या मिश्रणातून जॅझ निघालं. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ साली निघाली.

या संगीताचा गाभा म्हणजे उपज. सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्या धूनचा सांगाडा कायम ठेवून आपल्या मनाने नवं वाजवत जातो. हा सांगाडा बहुधा बारा किंवा बत्तीस घरांचा असतो. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आपल्या तबल्याच्या आवर्तनासारखंच हे आहे, असं समजायला हरकत नाही. आवर्तन फिरत राहतं आणि गाणारा त्यावर रोज नवं काही मांडतो. एकच फरक. आपल्याकडे आवर्तनात मात्रा मोजल्या जातात, तर जॅझच्या सांगाड्यात मात्रांबरोबर स्वरांचे गुच्छही ठरलेले असतात. कुठल्या घरात कुठला गुच्छ, हे सर्वांना पाठ असतं.

हे संगीत आपल्याकडे आलं ते आगबोटीतून. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्यामागून इतरही आले. टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक तर पुढे इथलाच झाला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. ज्या अमेरिकेत या लोकांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हतं, तिथून येऊन ते मुंबईच्या सर्वांत महागड्या हॉटेलात मानाने वाजवत होते. तेव्हाच्या हिंदुस्थानातही त्यांचे श्रोते बहुतेक साहेब, संस्थानिक आणि धनिक होते, हे खरंच. पण त्यांचं वाजवणं जवळून ऐकणारा आणखी एक वर्ग तिथे होता. तो म्हणजे गोव्याचे वादक.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणापासून पाश्चात्त्य पद्धतीचं संगीतलेखन वाचायला शिकवत. शेतकऱ्याचं, रेंदेराचं पोरही कागदावरचे सूर वाचून व्हायोलिन किंवा ट्रंपेट वाजवू शके. गावात पोटापाण्याची सोय नव्हती, म्हणून ही मुलं मुंबईला आली. हॉटेलांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत, पोलिसांच्या बँडमध्ये त्यांना काम मिळालं. अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून त्यांनी एक नवी गोष्ट उचलली. कागदावर लिहिलेलं वाजवता येतंच, पण न लिहिलेलंही वाजवता येतं, आणि खरी परीक्षा तिथेच असते. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये वर्षानुवर्षं वाजत राहिला. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने इतके गाजले की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. फ्रँक फर्नांड हेही याच पिढीतले नावाजलेले ट्रंपेटवादक.

मग स्वातंत्र्य आलं आणि पाठोपाठ मुंबईत दारूबंदी आली. दारूबंदीचा कायदा १९४९ चा. हॉटेलांतली रात्रीची गर्दी ओसरू लागली, साहेब लोक परत गेले आणि संस्थानिकांचे खिसे आखडले. बँडवाल्यांच्या पोटावर पाय आला. त्यांना आधार मिळाला तो हिंदी चित्रपटाचा. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी या वादकांचं मोल ओळखलं. १९५१ च्या 'अलबेला'तल्या गाण्यांना जो उसळता ठेका आहे, त्यामागे चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार होते. ते त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे शिक्षक आणि वाद्यरचनाकार. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव एका गाण्यात अजरामर केलं. ते गाणं देशभर प्रत्येकाला पाठ आहे. पण अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस खरोखर होता आणि तो संगीतकार होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

या वादकांचं जगणं दोन भागांत वाटलेलं होतं. दिवसा स्टुडिओत दुसऱ्याच्या नावाने निघणारं संगीत लिहायचं, वाजवायचं. रात्री चर्चगेटच्या आसपासच्या एखाद्या रेस्तराँत चौघा-पाचजणांनी जमून स्वतःचं वाजवायचं. दिवसाचं काम ध्वनिमुद्रित झालं, पण त्यावर नाव संगीत दिग्दर्शकाचं लागलं. रात्रीचं काम त्यांचं स्वतःचं होतं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच ध्वनिमुद्रित झालं नाही. उपजेच्या संगीताचं हे दुखणं आहे. ज्या क्षणी ते वाजतं त्याच क्षणी ते संपतं. कागदावर उरत नाही आणि पुन्हा तसंच वाजवता येत नाही.

१९५८ साली डेव्ह ब्रुबेक हा अमेरिकन पियानोवादक आपल्या तीन साथीदारांसह भारतात आला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हा दौरा काढला होता. शीतयुद्धाचे दिवस होते. आपल्या देशाविषयी जगात चांगलं मत व्हावं म्हणून अमेरिका जॅझवादकांना पोलंड, तुर्कस्तान, भारत, पाकिस्तान, सिलोन, इराण, इराक असं फिरवत होती. हेतू राजकारणाचा, पण वादक राजकारणी नव्हते. जिथे जातील तिथल्या वादकांबरोबर ते बसत. मुंबईत ब्रुबेक यांची बैठक सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, संगीताचं व्याकरणही वेगळं. मद्रासला ब्रुबेक यांचा ड्रमवादक जो मोरेलो मृदंगवादक पालनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्यासमोर बसला. परत गेल्यावर या मंडळींनी १९५९ साली पाच मात्रांची, नऊ मात्रांची जॅझ रचना वाजवून अमेरिकेला चकित केलं. अमेरिकेच्या कानांना तोवर बहुधा चारच्या पटीतलीच चाल ऐकायची सवय होती. नऊ मात्रांचा तो तुकडा तुर्कस्तानच्या रस्त्यावर ऐकलेल्या तालावरून आलेला होता. आपल्या झपतालाच्या, मत्ततालाच्या देशात मात्र पाच आणि नऊ मात्रांचं अप्रूप कुणाला वाटणार?

आता आपण त्या फिटरच्या प्रश्नाजवळ येतो. आतापर्यंतच्या जॅझमध्ये उपज असली तरी सांगाडा ठरलेला होता. १९५९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या छोट्याशा क्लबात ऑर्नेट कोलमन नावाचा सॅक्सोफोनवादक तिघा साथीदारांसह वाजवायला लागला. त्याच्या हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. बँडमध्ये पियानो नव्हता. पियानो नाही म्हणजे स्वरांचे ठरलेले गुच्छ सांगणारं कुणी नाही. सुरुवातीला एक धून व्हायची आणि मग चौघेही एकमेकांचं ऐकत जिकडे सूर नेतील तिकडे जायचे. लोक दोन तट करून भांडले. काहींना तो नवा प्रेषित वाटला, काहींना शुद्ध भोंदूपणा. पुढच्या वर्षी, २१ डिसेंबर १९६० रोजी, कोलमनने असे चार-चारांचे दोन संच एकाच वेळी वाजवायला बसवले आणि सुमारे ३७ मिनिटांचं सलग वादन मुद्रित केलं. त्या ध्वनिमुद्रिकेचं नाव 'फ्री जॅझ'. पुढे या सगळ्या प्रकारालाच मुक्त जॅझ हे नाव पडलं.

अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा चालू होता. या संगीताच्या नावातला 'फ्री' हा शब्द ऐकणाऱ्यांना त्या लढ्यापासून वेगळा काढता येत नव्हता.

कोलमनच्या त्या चौघांत डॉन चेरी नावाचा ट्रंपेटवादक होता. त्याचा ट्रंपेट खिशातल्या खेळण्यासारखा छोटा. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते आपल्याला थेट बेळगावात आणून सोडणार आहे.

बेळगावला १९२५ साली भानुमती शिरोडकर यांचा जन्म झाला. आई मेनकाबाई शिरोडकर या उत्तम नर्तकी आणि गायिका. भानुमती लग्नानंतर शोभा गुर्टू झाल्या आणि ठुमरी-दादऱ्याची सम्राज्ञी म्हणून त्यांचं नाव झालं. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू यांचा जन्म मुंबईत १९५१ चा. घरात ठुमरी, हातात तबला, आणि कानावर बाहेरचं सगळं संगीत. १९७० च्या दशकात त्रिलोक युरोपात गेले आणि तिथल्या मुक्त जॅझ वाजवणाऱ्यांत मिसळले. त्यांतच डॉन चेरी होता.

१९८४ साली 'ओरेगन' नावाच्या अमेरिकन चौकडीतला तालवादक कॉलिन वॉलकॉट मोटार अपघातात गेला. तो अमेरिकन असून सतार आणि तबला शिकलेला. त्याची जागा पुढे त्रिलोक गुर्टू यांनी घेतली. ही चौकडी आपल्या मैफलीत एखादा तुकडा तरी पूर्णपणे न ठरवता वाजवत असे. मग १९८८ साली त्रिलोक यांनी स्वतःच्या नावाने पहिली ध्वनिमुद्रिका काढली, 'उसफ्रेट'. तिच्यावर डॉन चेरीचा ट्रंपेट आहे आणि शोभाताईंचा आवाज आहे. न्यूयॉर्कच्या क्लबात ज्या चौघांनी एकोणतीस वर्षांपूर्वी वादळ उठवलं, त्यांतला एक आणि बेळगावच्या बाई एकाच ध्वनिमुद्रिकेवर आल्या. मला हा आपल्या संगीताच्या इतिहासातला फार मोठा प्रसंग वाटतो. आपण त्याची फारशी नोंद घेतलेली नाही.

माझ्याकडे १९८९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीची कॅसेट आहे. तिघेच वादक : गिटारवर जॉन मॅक्लॉक्लिन, बेसवर काई एकहार्ट आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. सगळं काही मुक्त नाही, बऱ्याच रचना ठरलेल्या आहेत. पण त्यांच्या मधल्या लांबच लांब जागा त्या रात्रीपुरत्याच जन्मलेल्या. त्रिलोक ड्रमवाल्यांसारखे उंच स्टुलावर बसत नाहीत. ते जमिनीवर, अर्धे गुडघ्यावर असल्यासारखे बसतात. बाजूला तबला, समोर ड्रम, झांजा आणि पाण्याने भरलेली बादली. वाजती झांज ते पाण्यात बुडवतात आणि तिचा आवाज वाकतो. मध्येच तोंडाने बोल म्हणू लागतात. मी ही कॅसेट किती वेळा ऐकली असेल याला गणती नाही. प्रत्येक वेळी एकच गोष्ट जाणवते. या तिघांपैकी वाजवतो कमी आणि ऐकतो जास्त, असा प्रत्येकजण आहे.

हेच त्या फिटरच्या प्रश्नाचं उत्तर. ठरलेलं काही नसताना एकत्र वाजवायचं, तर ऐकण्यावाचून दुसरा आधार नाही. एकाने तीन सुरांचा तुकडा टाकला, दुसऱ्याने तो उचलला, उलटा केला. तिसरा थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं की इथे आपण बोललो तर गर्दी होईल. कुणीतरी लय किंचित खाली आणली आणि सगळ्यांना कळलं की आता शेवटाकडे चाललो आहोत. आणि चूक? एखादा सूर भलताच लागला तर तो चुकला की नाही, हे पुढच्या क्षणी इतर काय करतात यावर ठरतं. साथीदारांनी तो सावरून घेतला, त्याला पुढे वाट दिली, तर तोच सूर त्या रात्रीचा सर्वांत सुंदर सूर ठरतो. कुणी लक्षच दिलं नाही, तर ती चूक. अशा मैफलीत खरी चूक एकच असते, शेजाऱ्याचं न ऐकणं. आणि हेही सांगायला हवं की अशा मैफली फसतातही. हे संगीत मनापासून ऐकणारा माणूस फसलेल्या मैफलीची तयारी ठेवूनच जातो.

त्या मुलाला मी म्हटलं, "तू मशीनजवळ उभा असतोस तेव्हा काय करतोस? आवाज जरा बदलला की बेअरिंग गेलं हे तुला गेज न लावता कळतं. तोच कान इथे लागतो."

आणि मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आमच्या बारामतीला मोरोपंत राहिले. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या ओठांवर राहिल्या. आर्या ठरलेली असते, तिचं अक्षरही हलत नाही. पण दोन आर्यांच्या मध्ये कीर्तनकार जे बोलतो, गातो, समोरच्यांचा नूर पाहून कथा जिकडे वळवतो, ते कुठे लिहिलेलं असतं? पेटीवाला आणि मृदंगवाला त्याच्या पाठोपाठ जातातच ना? फडावर ढोलकीवाला नाचणारीच्या पायांशी जे सवाल-जवाब करतो, ते रोज नवे असतात. ख्यालाची बढत करणारा गवई रागाचं कुंपण पाळतो, पण कुंपणाच्या आत कुठून कसं जायचं हे तिथेच ठरवतो. मुक्त जॅझवाल्यांनी कुंपणही काढून टाकलं, इतकाच फरक. तो फरक लहान नाही. राग ही शेकडो वर्षांची कमाई आहे. ती नसताना मैफल उभी करणं म्हणजे पायाशिवाय घर बांधण्यासारखं आहे. म्हणून तर तिथे माणसं थोडी लागतात. तीन, चार, फार तर पाच. पन्नासजणांनी एकमेकांचं इतकं बारीक ऐकणं फार अवघड.

मुंबईत अशा संगीताला मोठं व्यासपीठ मिळालं ते १९७८ च्या फेब्रुवारीत. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोबीतलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरवली. उघड्यावरचं नाट्यगृह, वर आकाश. सनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक तिथे वाजवून गेला. हा माणूस त्याआधी पवईच्या आश्रमात काही महिने योग शिकत राहिला होता. त्याच यात्रेच्या मंचामुळे गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस, पियानोवादक लुई बँक्स अशा आपल्या वादकांना परदेशी वादकांच्या बरोबरीने उभं राहता आलं. पुढे दर दोन वर्षांनी ही यात्रा भरत राहिली. नव्या शतकाच्या सुरुवातीला, आसपासच्या रुग्णालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. रुग्णांची शांतता मोलाचीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण रंगभवन गेलं त्याबरोबर तिथे काय वाजलं होतं याची आठवणही विरत चालली आहे.

ही आठवण जपायची कुणी? पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात मुंबईच्या जॅझचा हा इतिहास मोठ्या कष्टाने गोळा केला. म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन, त्यांच्या पेटीतले फोटो पाहून. असे प्रयत्न झाले नसते तर कित्येक नावं कायमची गेली असती. लिहिलेलं संगीत कागद जपतो, ठरलेलं संगीत परंपरा जपते. न ठरवलेलं संगीत फक्त ऐकणाऱ्याच्या आठवणीत राहतं. म्हणून अशा मैफलीत श्रोता हा पाहुणा नसतो, तो साक्षीदार असतो.

हे मुंबईपुरतंच खरं नाही. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर वाजणारा ट्रंपेट आणि क्लॅरिनेट आमच्या बारामती-इंदापूरच्या वरातीतही आहे. बँडमधला क्लॅरिनेटवाला ठरलेलं गाणं वाजवता वाजवता, नवरदेवाची घोडी अडली की मधल्या वेळात स्वतःच्या मनाने काहीतरी वाजवून घेतो. दोन मिनिटंच, पण ते त्याचं स्वतःचं असतं. आपण नाचतो, नोटा ओवाळतो आणि पुढे जातो. त्याचं नाव कुणी विचारत नाही. पुढच्या लग्नात असा एखादा तुकडा कानावर पडला, तर वरात मांडवात पोचल्यावर त्या माणसाजवळ जा. वाजवणं कुणाकडून शिकलात, हे विचारा, आणि त्याचं नाव कुठेतरी लिहून ठेवा. सूर वाऱ्यावर जातात, त्याला इलाज नाही. नावं तरी जाऊ नयेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)